अकरानंतर सगळं बंद

सव्वाशे किलोचा हीटर घरात आणून घर गारच ठेवणं, हा पराक्रम नेदरलँड्समधल्या अख्ख्या हूफडॉर्पमध्ये एकट्या माझ्या नावावर आहे.

झालं असं की नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमचा गॅसवरचा सतरा वर्षांचा बॉयलर गचकला. दुरुस्तीवाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, नवीन बसवू नका, दोन वर्षांत तुमच्या बिल्डिंगचा गॅसच काढणार आहेत. मग हीट पंप? सोसायटी म्हणाली, गॅलरीत पेटी टांगायला परवानगी नाही, बिल्डिंग समोरून वाईट दिसते. आमची बिल्डिंग समोरून आधीच बंद पडलेल्या शाळेसारखी दिसते, पण ते असो.

राहिली वीज. विजेवर घर गरम करायचे सतराशे साठ प्रकार निघाले आणि प्रत्येक प्रकाराला एक मराठी माणूस चिकटलेला होता. श्रीकांत हा माझा मित्र. झुइडासला, म्हणजे इथल्या बड्या ऑफिसांच्या भागात, कन्सल्टन्सीत असतो, म्हणजे लोकांना जे हवंय ते कसं नकोच आहे हे पटवण्याचा पगार घेतो. तो म्हणाला, इन्फ्रारेड पॅनल घे. घेतला उसना एक. समोर बसलेला भाजला, शेजारी बसलेला गारठला. पंख्याचा हीटर आणला, तो पाहुण्यासारखा. आहे तोवर गरमागरमी, गेला की शुकशुकाट. तेलाचा रेडिएटर दिवसभर चालवून पाहिला, तर ललिता रोज संध्याकाळी मीटरचे आकडे मोठ्यानं वाचायला लागली.

ललिता माझी बायको. आणि हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं ते तिचे वडील, भीमसेनमामा. नांदेडला वीज बोर्डात छत्तीस वर्षं लाइनमन होते. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून तिथल्या घरात एकटेच. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा आमच्याकडे आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. परतीचं तिकीट जानेवारीतलं. पण बॉयलर गेला, मामांना खोकला लागला, आणि आमची डॉक्टरीण म्हणाली की ह्यांची खोली अठरा डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नका. हॉलमध्ये चौदा होतं.

ललितानं मला स्वयंपाकघरात घेतलं. वडिलांसमोर ती मला "अहो" म्हणते, स्वयंपाकघरात "तू".

"हे बघ, पुढच्या रविवारी सकाळी हॉलमध्ये अठरा दिसले नाहीत तर मी अण्णांचं तिकीट अलीकडचं करतेय. तिथे एकटे राहतील, पण निदान उबेत राहतील."

"अगं, करतो ना काहीतरी."

"काहीतरी नको. हीटर कर."

आता खरं सांगतो. मला मामा जायला नको होते, आणि त्यात माझा स्वार्थ होता. ह्या घरात माझ्या गमतींना हसणारा तेवढा एकच माणूस उरला होता. ललितानं हसणं केव्हाच सोडलंय. पंधरा वर्षांची तेजल मराठी सगळं समजते, उत्तर डचमध्ये देते, आणि मला बहुतेक वेळा एकच उत्तर देते: "पापा, दू नोर्माल." म्हणजे, नीट वाग.

मामा वेगळे. आल्या आल्या मी त्यांना सांगितलं होतं की शिफॉलला उतरणारी विमानं खिडकीवरून जातात, तेव्हा हात हलवायची पद्धत आहे, पायलट दिवा लुकलुकवतो. मामांनी दोन दिवस इमानेइतबारे हात हलवला. कळलं तेव्हा इतके हसले की पाणी द्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी माझ्या चहात मीठ. चेहरा असा निर्विकार, जसं काही बोर्डानंच वरून मीठ सोडलंय. असा भिडू मला पन्नाशीपर्यंत भेटला नव्हता. त्या मिठाच्या चहावरूनच ललितानं मला शपथ घालून सगळं बंद केलं. "वय काय त्यांचं! अण्णांशी गंमत बंद म्हणजे बंद." मी शपथ घेतली आणि पाळलीही. त्याआधी जे सुटलं होतं ते मात्र सुटलं होतं.

तर हीटर. मला हवी होती घरभर कायमची मंद ऊब, कुणाच्या लक्षातही येऊ नये अशी. मामा दिवसभर घरात एकटे, बटणं दाबत बसायला नकोत. शोधता शोधता सापडला तो विटांचा हीटर. इथे फारसं कुणी वापरत नाही. जाड पत्र्याची पेटी, आत विटा. रात्री अकरा ते सकाळी सात वीज स्वस्त असते, तेव्हा त्या विटा आपोआप तापतात. मग दिवसभर त्या हळूहळू ऊब सोडत बसतात. पुढे दोन बटणं: एक रात्री किती साठवायचं ते, दुसरं दिवसा किती सोडायचं ते. मला तर तो हीटर पाहूनच प्रेम आलं. श्रीकांतला फोन केला.

"विटा? रव्या, आयटीत आहेस ना तू?"

"अरे, विटांना अपडेट लागत नाही."

वाउटर नावाचा एक लांबडा डच माणूस असे हीटर बसवायचा. त्यानं मला एवढे प्रश्न विचारले की लग्नाच्या वेळी ललिताच्या आत्यानंही तेवढे विचारले नव्हते. हॉलची उंची किती, काचा किती पदरी, वरच्या मजल्यावर कोण राहतं, ते घर गरम ठेवतात का. कमी क्षमतेचा घेतलात तर संध्याकाळी पाचलाच संपेल, म्हणाला. मोठा घेतलात तर जमिनीचं बघावं लागेल. शेवटी तीन पॉइंट दोन किलोवॉटवर सौदा ठरला. मंगळवारी तो आला, ललिता मामांना डॉक्टरकडे घेऊन गेली होती. एकेक वीट आत रचून त्यानं पेटी बंद केली आणि दारामागच्या मीटरच्या कपाटात, ज्याला इथे मीटरकास्ट म्हणतात, हीटरसाठी वेगळा ब्रेकर बसवला. मी त्या रात्री राजासारखा झोपलो.

बुधवारी सकाळी हॉलमध्ये चौदा.

वाउटरला फोन. पहिली रात्र आहे, म्हणाला, विटा ओल्या असतात, थांबा.

गुरुवारी सकाळी चौदा. हीटरला हात लावला तर कोमट, तासाभरापूर्वीच्या चहाइतका. ललितानं दोन्ही हात लावून पाहिले.

"अहो, हा माठ आहे. पाणी भरून ठेवा आत, उन्हाळ्यात उपयोगी पडेल."

सोफ्यावर मामा माकडटोपी, स्वेटर आणि दोन शालींत बसले होते. "असू द्या, असू द्या," म्हणाले आणि खोकले.

दुपारी वाउटर आला. तारांना यंत्र लावलं, दिवसाउजेडी मुद्दाम करंट सोडून पाहिला. सगळं व्यवस्थित. "चालतोय," म्हणाला. मी म्हटलं, चालत नाहीये. तो म्हणाला, चालतोय. डच माणसानं एकदा चालतोय म्हटलं की तो हीटर तुमच्या डोळ्यांदेखत बर्फ पाडायला लागला तरी चालतोयच. बरं, म्हणाला, शनिवारी येऊन उघडून बघतो.

शुक्रवारी सकाळी चौदा. आता मला त्या पेटीचा राग यायला लागला होता. येता जाता तिला लाथ मारावीशी वाटायची, पण सव्वाशे किलो; लाथ माझ्याच पायाला लागली असती. स्लोटरडाइकला ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये मी मीटरचं ॲप उघडलं. मिनिटामिनिटाला किती वीज गेली त्याचा आलेख असतो त्यात. रात्री तिथे डोंगर दिसायला हवा होता. दिसली सपाट रेघ. अकरा वाजून तीन मिनिटांनी सगळं खाली, फक्त फ्रिज आणि वायफाय. पहाटे साडेसहाला पुन्हा वर. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवस तसंच. हीटर बिचारा साडेसहा ते सात असा जेमतेम अर्धा तास तापत होता.

हे यंत्राचं काम नव्हे. यंत्र एवढं वक्तशीर नसतं.

मी आधी तेजलवर संशय घेतला. ती हल्ली पृथ्वी वाचवते आणि त्यासाठी माझा फोन चार्जरवरून काढते. पण ती साडेसहाला उठेल हे मला कुणी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं तरी पटणार नाही. स्लोटरडाइकला उतरलो तसा समोरच्या गाडीत बसून परत आलो. बॉसला सांगितलं, घरी विजेचा प्रॉब्लेम आहे. खोटं नव्हतं.

मामा शालींत बसून पेपर वाचत होते. मोबाइलवर, नांदेडचा.

"मामा, रात्री मीटरच्या कपाटाकडे कोण जातं?"

"मी जातो की."

"कशाला?"

"बंद कराया. अकरा वाजले की. सकाळी उठलो की पुन्हा चालू करायलो." मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "फ्रिजचं तेवढं सोडतो. तुमचं ते इंटरनेटचं त्याच्याच लाइनीवर आहे, म्हणून ते बी राहतं. मंगळवारी एक नवीन बटण बसवलेलं दिसलं, तेबी टाकतो खाली. लई मोठं आहे ते."

"पण का, मामा?"

"का म्हणजे? नियम आहे ना. तुम्हीच तर सांगितला."

 आठवलं. मामा आले त्या पहिल्या संध्याकाळी मी त्यांना इथले नियम सांगत होतो. कचऱ्याचे वेगवेगळे वार, रात्री दहानंतर आवाज नाही, रविवारी भिंतीला ड्रिल लावलं की शेजारी दारात, सायकलला दिवा नसला की दंड. असे नऊ खरे नियम सांगितले आणि मध्येच एक खोटा सोडला. खोटं कधी एकटं सोडू नये, खऱ्यांच्या घोळक्यात सोडावं, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत. नियम असा की रात्री अकरानंतर फ्रिज सोडून सगळं बंद. खेमेन्तेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी मशीन घेऊन फिरते. पहिल्यांदा पिवळं पत्र, दुसऱ्यांदा दंड.

मला वाटलं होतं, लाइनमन माणूस, दोन मिनिटांत ओळखतील आणि हसतील. मामांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

"मामा," मी म्हटलं, "तो नियम खोटा होता."

"हां?"

"मी बनवला होता. गंमत म्हणून."

मामांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मांडीवर थाप मारली.

"वा, जावईबापू! आता अकरानंतर चालू ठेवायला लावता, मंग पिवळं पत्र येतं, मंग ललिता माझ्यावर ओरडते. नाही फसणार."

"मामा, शपथ."

"विमानाच्या वेळीबी शपथच घेतली होती तुम्ही."

घेतली होती. 

दुपारी तेजल शाळेतून आली तेव्हाही मी समजावतच होतो. तिला म्हटलं, सांग आजोबांना, अकरानंतर वीज बंद ठेवायचा असा कुठलाही नियम नेदरलँड्समध्ये नाही.

"There is no such rule, आजोबा," तेजल म्हणाली. "Papa is weird."

मामा मला म्हणाले, "पिझ्झा देणार असाल पोरीला."

त्यातही तथ्य होतं. विमानाच्या वेळी दिला होता.

श्रीकांतला फोन लावून स्पीकरवर टाकला. श्रीकांतनं विषय ऐकला आणि आधी एक मिनिटभर नुसता हसत राहिला. मग गंभीर आवाजात म्हणाला, "मामासाहेब, असा नियम नाही." पण तो हसत असताना मामांनी माझ्याकडे बघून फक्त मान डोलावली. माझी केस तिथेच गेली.

शेवटचा उपाय म्हणून मी शेजारच्या हेन्नीबाईंचं दार वाजवलं. वय अठ्ठ्याहत्तर, पक्क्या डच, चर्चला जाणाऱ्या. ह्यांच्यावर तरी मामा विश्वास ठेवतील. गॅलरीत दोघांना समोरासमोर उभं केलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही रात्री अकराला घरातली सगळी बटणं बंद करता का?"

मला म्हणायचं होतं, करायलाच हवीत असा नियम आहे का. चिडलेला माणूस प्रश्नही धड विचारत नाही.

हेन्नीबाईंचा चेहरा उजळला. "हो तर! सगळी. टीव्ही, दिवे, मशीन, सगळी. माझी आई पण करायची. हल्लीचे लोक करत नाहीत, फार वाईट आहे." आणि मामांकडे वळून, "तुम्ही करता?"

"येस," मामा छाती पुढे काढून म्हणाले. "एव्हरी डे. इलेव्हन."

"व्हेरी गुड!" हेन्नीबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला.

मी मध्ये उभा राहून ओरडत होतो, "पण नियम नाही ना? नियम नाही ना?" दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही.

आत येताना मामा समजुतीच्या सुरात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. छत्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत फिरलो. तारा तापायच्या, डीपी जळायचे, रात्री शिडी घेऊन पळायचो. म्हणायचो, लागत नाही ते बंद करा की रे. एकानं ऐकलं नाही. आन् इथं अख्खा देश ऐकतोय. मी फोनवर आमच्या सगळ्या रिटायर मंडळींना सांगितलंय."

"सगळ्यांना?"

"ग्रुपवर टाकलंय."

आता मला घाम फुटला. चौदा डिग्रीत. मामा ज्याचं ऐकतील असं एकच माणूस उरलं होतं आणि ते माणूस सहाच्या बसनं घरी येणार होतं. ललिताला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझे वडील गेले पंधरा दिवस खोकतायत त्याला बॉयलर जबाबदार आहे, पण गेल्या तीन रात्रींना मी आहे. गप्प बसलो असतो तर रविवार उजाडला असता, चौदा दिसले असते आणि मामा विमानात बसले असते. मीही वाचलो असतो. खोटं का बोलू, पाच मिनिटं मी त्या बाजूनंही विचार केला.

मग ती आल्यावर स्वयंपाकघरात जाऊन तिला सगळं सांगितलं. भाजी चिरत होती ती. ऐकता ऐकता सुरी खाली ठेवली, हे तिनं माझ्यावर केलेले उपकार.

"रवी, तू किती वर्षांचा आहेस?"

"एकोणपन्नास."

"मला वाटलं नऊ."

ती बाहेर गेली. वडिलांच्या शेजारी बसली आणि हळू आवाजात बोलली. मी दाराआडून पाहत होतो. मामांनी आधी हसून मान हलवली, मग हसू गेलं. मग त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे महिनाभर," ते म्हणाले, "रोज रात्री मी येड्यासारखा..."

"अण्णा, तसं नाही."

"आन् ग्रुपवर टाकलं मी ते. ग्रुपातल्या गुरुनाथनं तिकडं कॉलनीत सभा घेतली त्याच्यावर." माकडटोपीची घडी घातली. "विमानाचं ठीक होतं गं. ते मला काय माहीत. पण लाइटीचं तर मला कळतं ना? लाइटीच्या कामात मला कुणी येडं बनवलं नव्हतं आजवर."

उठले, खोलीत गेले. जरा वेळानं बॅगेची चेन सरकल्याचा आवाज आला. आतूनच म्हणाले, "ललिता, ते तिकिटाचं बघ बाई."

ललिता माझ्याकडे वळली. "आता पन्नास डिग्री कर घर. काय उपयोग?"

त्या रात्री ब्रेकर मीच वर ठेवला होता. पण मामांनी जाता जाता सवयीनं खाली टाकला की रागानं, ते मला अजून माहीत नाही. शनिवारी सकाळी तेरा.

दहाला वाउटर हजर, हीटर उघडायला. त्याला खरं सांगून परत पाठवायला हवं होतं, पण एका आठवड्यात मला एकच कबुली झेपते. म्हटलं उघडू दे. त्यानं ब्रेकर पाडला, टेस्टरनं तपासलं, पुढचा पत्रा काढला आणि जुन्या वर्तमानपत्रांवर एकेक वीट बाहेर ठेवायला लागला. काळपट, जड, मध्ये खाचा असलेल्या विटा. हॉलभर पसारा. ललितानं दारातून पाहिलं आणि परत आत गेली.

खोलीचं दार उघडलं. मामा आले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे नाही. ते सरळ विटांपाशी गेले आणि उकिडवे बसले.

"हे काय? वीट?"

प्रश्न मला नव्हता. वाउटरला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला. "स्टोन," तो म्हणाला. "हॉट. नाइट."

मामांनी वीट उचलून हातात तोलली, दुसऱ्या हातात घेतली, नखानं टोकरली. मग पेटीत वाकून पाहिलं. विटांच्या मधून जाणाऱ्या तापणाऱ्या कांड्यांवरून बोट फिरवलं. "लोड?"

"थ्री पॉइंट टू किलोवॉट."

"नाइट ओन्ली?"

"नाइट ओन्ली. ऑफ-पीक."

"ऑफ-पीक," मामा म्हणाले. हा शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. वाउटरच्या खिशातला टेस्टर त्यांनी बोट दाखवून मागितला, त्यानं बिनविरोध दिला. असा टेस्टर मी मागितला असता तर त्यानं पोलीस बोलावले असते. दोघं डोकं पेटीत घालून दहा मिनिटं बसले. एकाचं डच इंग्रजी, एकाचं बोर्डाचं इंग्रजी, आणि मध्ये माझी गरज कुणालाच नाही.

मामा एकदम मांडी घालून बसले.

"ललिता! ये इकडं. हे तर शेतीपंपाचं काम आहे."

ललिता आली, ओल्या हातांनीच.

"शेतीपंपाला आम्ही रात्रीच लाइट देतो का नाही? रात्री गावं झोपलेली, लोड कमी. शेतकरी रात्री विहिरीतून पाणी ओढतो, हौदात साठवतो, दिवसा सोडतो. ह्या विटा म्हणजे हौद. मी रोज अकरा वाजता ह्यांच्या विहिरीचा पंप बंद करायलो होतो!" आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "हे आधी सांगता येत नाही?"

"मामा! काल चार तास मी दुसरं काय सांगत होतो?"

"काल तुम्ही सांगितलं नियम खोटा आहे. वीट कुठं सांगितली?"

 नव्हती सांगितली. श्रीकांतला सांगितली होती, ललिताला सांगितली होती, ऑफिसात ज्यांचा काही संबंध नाही अशा चार जणांना कॉफी मशीनपाशी सांगितली होती. ज्या माणसासाठी हीटर घेतला, ज्याच्या आयुष्यभराचं काम ते, त्याला फक्त म्हटलं होतं, बघा मामा, आता ऊब येईल.

विटा परत रचायला मामा वाउटरच्या बरोबरीनं बसले. पत्रा लागला, स्क्रू बसले. वाउटर हात पुसत मला म्हणाला, काही खराब सापडलं नाही, मग बिघाड होता तरी काय?

मी काही म्हणायच्या आत मामांनी माझ्याकडे बोट केलं. "धिस. लूज कनेक्शन."

वाउटर हसला नाही. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं.

त्या दिवशी अकराच्या आधी मामांनी मला मीटरच्या कपाटापासून लांब उभं केलं, ब्रेकर स्वतः तपासला आणि झोपायला गेले. रविवारी सकाळी मी उठलो तर ललिता आधीच हॉलमध्ये थर्मामीटरसमोर. साडेअठरा. हीटरला हात लावला आणि चटकन काढून घेतला. मामा शाल न घेता बसले होते.

ललितानं लॅपटॉप उघडला. "अण्णा, काय करू? बुधवारच्या विमानात जागा आहे."

 माफी शनिवारी दिवसभरात तीनदा मागून झाली होती आणि तिन्ही वेळा मामा "हं" म्हणाले होते.

"जानेवारीचं आहे तेच राहू दे," मामा म्हणाले. "ह्या पेटीला माणूस लागतो. उद्या किती थंडी पडणार ते आज ओळखून बटण फिरवावं लागतं, नंतर बोंबलून उपयोग नाही. तुम्ही दोघं ऑफिसात, पोरगी सायकलवर. काम हातात घेतलं की अर्ध्यात सोडून जायचं नसतं." मग घसा साफ केला. "पण लाइनमन एकटा काम करत नसतो. मला हेल्पर पाहिजे."

"मी आहे ना," मी म्हटलं.

"हेल्परला बोलायची परवानगी नसते."

ललिता स्क्रीनमागे हसली. किती वर्षांनी, ते मी विचारलं नाही, कारण परवानगी नव्हती.

तेव्हापासून रोज दुपारी चारला ड्यूटी लागते. घरून काम असलं की समोर, नसलं की फोनवर. हवामानाचा अंदाज मोठ्यानं वाचायचा, मामा डोळे मिटून ऐकणार, मग साठवायचं बटण अर्ध्या आकड्यानं फिरवणार. मी एकदा हात लावला तर हातावर फटका बसला. तेजलला हे इतकं आवडतं की ती मराठीत बोलते: "पापा, हात लावू नको."

काल अंदाज वाचून झाल्यावर मामा म्हणाले, "वारा कुणीकडचा आहे ते नाही सांगितलं."

"ॲपमध्ये आहे, बघतो."

"ॲप नको. गॅलरीत जाऊन बघा. बोट ओलं करून वर धरायचं. डावा हात. पाच मिनिटं तरी धरा, वारा फसवतो."

वाऱ्याचा आणि विटांचा काही संबंध असतो का? असेलही. पश्चिमेचा वारा आमच्या हॉलच्या खिडक्यांवर येतो, हे खरं आहे. मी मामांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. निर्विकार. छत्तीस वर्षांचा अनुभव किंवा दुसरं काहीही असू शकलं असतं.

मी चपला घालून गॅलरीत गेलो. बाहेर तीन डिग्री. डाव्या हाताचं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं. हेन्नीबाई पिशवी घेऊन जिन्यावरून येत होत्या. थांबल्या, माझ्या बोटाकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"बिल्डिंगचा नवीन नियम आहे का?" त्यांनी विचारलं.

आत हॉलच्या काचेमागे मामा पाठमोरे उभे होते. खांदे हलत होते त्यांचे. खोकला असावा.

"नाही, नाही," मी म्हटलं. "पश्चिमेचा आहे." आणि बोट तसंच धरून ठेवलं, कारण पाच मिनिटं अजून व्हायची होती.